जमीन शहराची, निर्णय मंत्रालयाचा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी माहुल नावाचे गाव आहे. गाव मूळचे कोळ्यांचे. त्याच्या एका बाजूला खाजण आणि तिवरांचे रान, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे दोन प्रचंड कारखाने, खताचा कारखाना, वीजकेंद्र आणि रसायने साठविण्याच्या टाक्यांच्या रांगा. या सर्वांच्या शेजारी बहात्तर इमारतींची एक वसाहत उभी आहे. तिच्यात सतरा हजारांहून अधिक घरे आहेत. ही घरे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधली गेली; म्हणजे रस्ता, नाला, जलवाहिनी, रेल्वे अशा सार्वजनिक कामांसाठी ज्यांच्या झोपड्या मोडल्या, त्यांच्यासाठी.

या वसाहतीविषयी एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : माणसांना राहण्यासाठी ही जागा निवडली कोणी? आजच्या विषयाचे सार याच प्रश्नात आहे. जमिनीच्या वापरासंबंधीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थेकडून राज्य शासनाकडे कसे गेले, कोणत्या कायद्यांनी गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे माहुलच्या उदाहरणावरून जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही ग्रंथातून होणार नाही.

कायद्याची जडणघडण

नगररचनेचा कायदा या देशात प्रथम झाला तो मुंबई इलाख्यात, १९१५ साली. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा तयार करण्याचे बंधन घातले. त्यानंतर आला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आणि आजही जमिनीच्या वापराचा सर्व व्यवहार याच कायद्याखाली चालतो. हा कायदा वरवर वाचला तर तो स्थानिक स्वराज्याचा पुरस्कर्ता वाटतो. महापालिकेला त्याने 'नियोजन प्राधिकरण' म्हटले. आराखडा तिने करावा, लोकांच्या हरकती तिने मागवाव्यात, सर्वसाधारण सभेने त्यावर चर्चा करावी. परंतु अखेरची मंजुरी राज्य शासनाची; आणि शासन ती फेरबदलांसह देऊ शकते.

एवढ्यावर थांबले असते तर फारशी तक्रार नव्हती. एखाद्या शहराने शेजारच्या गावांचे पाणी पळवू नये, प्रदेशाचा एकत्रित विचार व्हावा, यासाठी वरच्या पातळीवर देखरेख असणे योग्यच आहे. पण कायद्याच्या पोटात आणखी तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा कलम ३७ चा. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करण्यासाठी हे कलम होते. फेरबदल महापालिकेने करावा, शासनाने सांगितल्यावरही तिने तो मुदतीत केला नाही तर शासनाने स्वतः करावा, अशी सोय त्यात झाली. पुढे एका उपकलमाने असे ठरले की सार्वजनिक हितासाठी तातडी आहे असे शासनाला वाटले, तर महापालिकेच्या ठरावाची वाट न पाहता शासन स्वतःच राजपत्रात सूचना प्रसिद्ध करील, एक महिन्यात हरकती मागवील आणि फेरबदल मंजूर करील. महापालिकेचे म्हणणे ऐकले जाईल. पण हरकत घेणारा एखादा नागरिक आणि लाखो मतदारांनी निवडलेली महापालिका यांचे स्थान जवळपास एकच. सार्वजनिक हित कशात आहे हे ठरविणारा आणि त्यावर शिक्का मारणारा हात एकच झाला.

दुसरा दरवाजा कलम ४० चा, म्हणजे विशेष नियोजन प्राधिकरणाचा. शासनाने एखादे क्षेत्र अधिसूचित करावे, तेथे स्वतःचे प्राधिकरण नेमावे, आणि त्या हद्दीपुरते नियोजनाचे अधिकार महापालिकेकडून निघून जावेत, अशी ही योजना. वांद्रे-कुर्ला संकुल १९७७ मध्ये याच मार्गाने प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. रस्ते झाडावे, कचरा उचलावा, पाणी पुरवावे महापालिकेने. जमिनीचे मोल वाढले की ते जमा व्हावे दुसऱ्याच्या खात्यात!

तिसरा दरवाजा कलम १५४ चा. राज्य शासन वेळोवेळी जे निर्देश देईल ते प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने पाळलेच पाहिजेत, असे हे कलम सांगते. या कलमापुढे सभागृहाचा ठराव हा एक नम्र अर्ज ठरतो.

आणि हे सारे कमी पडले तर महापालिकेच्या आतही शासन बसलेलेच आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे दिली आणि आयुक्ताची नेमणूक सरकारकडे ठेवली. परकीय राज्यकर्त्याला नेटिव्ह नगरसेवकांवर विश्वास नव्हता, हे समजण्यासारखे आहे. स्वकीय राज्यकर्त्यांनीही तो अविश्वास तसाच जपला, याचा उलगडा मात्र जमिनीच्या बाजारभावाकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

प्राधिकरणांचे राज्य

१९७४ च्या कायद्याने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने म्हाडा आली. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात दुरुस्ती होऊन डिसेंबर १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण जन्माला आले. त्याचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. त्यालाही नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये म्हाडालाही तिच्या वसाहतींपुरते नियोजनाचे अधिकार देण्यात आले. धारावीचा पुनर्विकासही राज्य शासनाच्याच यंत्रणेकडे आहे. मुंबईचा नकाशा पुढे ठेवून जेथे महापालिकेचे नियोजन चालत नाही तो भाग रंगवीत गेले, तर महापालिकेच्या वाट्याला एखाद्या फाटक्या गोधडीची ठिगळे तेवढी उरलेली दिसतील.

या संस्थांतून लोकप्रतिनिधी अजिबात नाहीत असे म्हणणे बरोबर होणार नाही. प्रदेश विकास प्राधिकरणावर महापौर आहेत, काही नगरसेवकही आहेत. परंतु तेथील बहुमत आणि पुढाकार मंत्री व सचिवांचा आहे. मतदाराला एखादा निर्णय पटला नाही तर त्याने कोणाला मत नाकारावे, याचे उत्तर या रचनेत सापडत नाही. नगरसेवक म्हणतो, विषय माझ्याकडे नाही. प्राधिकरण म्हणते, आम्ही फक्त योजना राबवितो. मंत्री म्हणतो, नियमाप्रमाणे झाले. जबाबदारीची अशी विभागणी झाली की जबाबदारी नाहीशीच होते.

हे सारे चालू असताना १९९२ मध्ये घटनेची ७४ वी दुरुस्ती झाली व १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील पहिली बाब नगररचनेसह नागरी नियोजन. दुसरी बाब जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन. दहावी बाब गलिच्छ वस्त्यांची सुधारणा. म्हणजे जे विषय प्राधिकरणांनी व्यापले आहेत, नेमके तेच घटनेने नगरपालिकांचे म्हणून नमूद केले. पण अनुच्छेद २४३-ब मध्ये एक शब्द आहे : राज्य विधिमंडळ हे अधिकार देऊ 'शकेल'. देईलच, असे नाही. या एका क्रियापदाच्या आडोशाने महाराष्ट्राने १९६६ चा कायदा जवळपास होता तसा चालू ठेवला आणि वर नवनवी प्राधिकरणे नेमली. घटनेने महानगर नियोजन समितीही सांगितली. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका व पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून निवडलेले असावेत, असा तिचा दंडक आहे. राज्याने १९९९ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण प्रदेशाचे नियोजन प्रत्यक्षात आजही १९७४ च्या प्राधिकरणाच्याच हाती आहे.

माहुलचे अर्थशास्त्र

आता माहुलकडे परत वळू. तेथे घरे का बांधली गेली, हे समजून घेण्यासाठी थोडे अर्थशास्त्र आवश्यक आहे.

जमिनीचा भाव मालकाच्या श्रमाने वाढत नाही. शेजारी रस्ता होतो, रेल्वे येते, बाजार भरतो, लोकवस्ती वाढते, म्हणून तो वाढतो. ही समाजाने निर्माण केलेली किंमत आहे. रिकार्डोच्या काळापासून अर्थशास्त्र हे सांगत आले आहे. शहराच्या बाबतीत या किमतीत आणखी एक भर पडते : एका भूखंडावर किती मजले चढविता येतील याची परवानगी, म्हणजेच चटईक्षेत्र निर्देशांक. ही परवानगी कागदावरची एक ओळ असते. पण ती ओळ बदलली की कोट्यवधी रुपये निर्माण होतात. ज्याच्या हाती ती ओळ, त्याच्या हाती शहराची टांकसाळ.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या टांकसाळीतून एक नवे नाणे काढले : हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणजे टीडीआर. सार्वजनिक कामासाठी जमीन किंवा घरे द्यावीत आणि मोबदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क घ्यावा. त्या नियमांनुसार उपनगरात निर्माण झालेला हा हक्क मूळ भूखंडाच्या उत्तरेकडे वापरता येई. परिणाम उघड होता. जेथे जमिनीला भाव नाही, जेथे धूर आणि वास यांमुळे कोणी घर विकत घेणार नाही, तेथे प्रकल्पग्रस्तांची घरे बांधणे सर्वांत किफायतशीर. आणि त्यातून मिळालेला हक्क जेथे भाव चढा, तेथे विकणे सर्वांत फायद्याचे. या हिशेबात दुष्टपणा असावाच लागत नाही. नियम असा केला की बाजार गरिबाला आपोआप शहरातील सर्वांत टाकाऊ जागेकडे नेऊन सोडतो. माहुलसारखी वसाहत ही अपघाताने झालेली चूक नाही. ते त्या नियमाचे तर्कशुद्ध फळ आहे.

२०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर माहुलला पाठविण्यात आले. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तो पट्टा मोकळा करावा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता आणि शहराच्या पाण्याचा प्रश्न खोटा नव्हता. पण विद्याविहार-घाटकोपरच्या माणसाला माहुलला नेले म्हणजे त्याचा रोजगार, मुलांची शाळा, दवाखाना, धुण्याभांड्यांची कामे हे सारे मागे राहते. आणि पुढे काय मिळते? केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये या परिसरात जी पाहणी केली, तिच्यात सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या प्रदूषणामुळे धोका असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे मोठे स्थलांतर सुरू होण्यापूर्वीच हे सर्व कागदावर आलेले होते. तरीही ट्रक भरले गेले.

यात महापालिकेलाही हात झटकता येणार नाहीत. घरे रिकामी होती, ती तिच्या ताब्यात होती, आणि तिने ती भरली. ज्या संस्थेकडून वर्षानुवर्षे नियोजनाचा विचार काढून घेतला जातो, तिच्याकडे केवळ वाटपाची वही उरते, आणि वही सांभाळणारा कारकून घराच्या खिडकीतून कोणता वारा येतो हे विचारीत नाही. पण हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे.

प्रतिकार केला तो रहिवाशांनीच, आणि त्यात स्त्रिया पुढे होत्या. ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहार येथे, जेथून त्यांना उठविले होते तेथेच, त्यांनी मुक्काम ठोकून आंदोलन केले. ३ एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. दुसरी सुरक्षित घरे द्यावीत, अन्यथा दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असे सांगितले. ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने प्रदूषणाबद्दल परिसरातील चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. आणि २०२५ मध्ये महापालिकेने माहुलची ९,०९८ घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली, तेव्हा त्यांना अत्यल्प प्रतिसाद मिळाला. ज्या मुंबईत खोलीसाठी माणूस जन्मभर कर्ज फेडतो, त्या मुंबईत स्वस्त घराला गिऱ्हाईक मिळू नये! लवादाच्या निर्णयाइतकाच हाही एक निकाल आहे.

गिरण्यांची जमीन आणि आराखड्याची कथा

माहुल एकटे नाही. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने कापड गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये राज्य शासनाने हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची झाली. एका शब्दाच्या अर्थाने गिरणगावातील शेकडो एकरांचे भवितव्य फिरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल रोखला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो वैध ठरविला. कायद्याने वैध, हे मान्य. पण गिरणी कामगाराचे घर आणि लालबाग-परळच्या मुलांचे मैदान त्या वैधतेत बुडाले.

२०१४ ते २०३४ च्या विकास आराखड्याची कथाही बोधप्रद आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा चुकांनी भरलेला होता, त्याविरुद्ध लोक उठले, आणि तो मागे घेण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला. लोकांना आनंद झाला. परंतु महापालिकेचा मसुदा एका आदेशाने रद्द होऊ शकतो, तर चांगला आराखडाही तसाच रद्द होऊ शकतो, ही गोष्ट त्या आनंदात विसरली गेली. सुधारित आराखड्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, ३१ जुलै २०१७ रोजी सभागृहाने तो संमत केला. मे २०१८ मध्ये शासनाने तो मंजूर करताना अनेक भाग वगळून ठेवले आणि त्यांत स्वतःचे फेरबदल सुचविले. चर्चा खाली, निर्णय वर, हा क्रम कायम राहिला.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात तर चर्चेचेही सभागृह उरले नव्हते. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि शासननियुक्त प्रशासकाने देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका जवळपास चार वर्षे चालविली. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाने सभागृह परत आले. पण त्याच्या हाती अधिकार किती आले, हा प्रश्न तसाच आहे. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली तेव्हापासून महापालिकेच्या उत्पन्नाचा कणा शासनाच्या नुकसानभरपाईवर टेकलेला आहे. नियोजनही वरचे आणि पैसाही वरचा, तर स्वराज्य या शब्दात उरले काय?

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. स्थानिक सत्ता म्हणजे लोकसत्ता, हे नेहमी खरे असते काय? नगरसेवक आणि बिल्डर यांची युती कोणाला ठाऊक नाही? शिवाय सुस्थितीतील वस्ती गरिबाला दारात उभे करीत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेत उपनगरांनी आपल्या नियोजनाच्या अधिकाराचा उपयोग करून लहान घरे बांधूच दिली नाहीत आणि गरिबांना, विशेषतः काळ्या लोकांना, बाहेर ठेवले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७५ मध्ये माउंट लॉरेल खटल्यात सांगावे लागले की प्रत्येक गावाने गरिबांच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. अलीकडे ओरेगन व कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे करून स्थानिक संस्थांचे असे नकाराधिकार कमी केले. तेव्हा राज्याने हस्तक्षेप केला म्हणजे तो प्रतिगामीच, असे समाजवादी माणसाने म्हणू नये.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा वरूनच आला होता. त्याच कायद्याचा आधार घेऊन, न्यायालयात आणि रस्त्यावर लढून, मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावात सामान्य माणसांची हजारो घरे उभी केली. कायदा वरचा, पण चळवळ खालची. दोन्ही एकत्र आले तेव्हा घर उभे राहिले. आणि तो कायदा २००७ मध्ये महाराष्ट्राने रद्द केला, तोही वरूनच.

यावरून कसोटी हाती लागते. निर्णय कोणत्या पातळीवर झाला, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणासाठी झाला आणि ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याला नकार देण्याचा काही अधिकार होता काय, हेही विचारले पाहिजे. न्यू जर्सीत वरच्या सत्तेने गरिबासाठी बंद दार उघडले. माहुलमध्ये वरच्या नियमांनी गरिबाला दाराबाहेर, तेलाच्या टाक्यांजवळ नेले. दोन्हींना 'राज्याचा हस्तक्षेप' हे एकच नाव दिले तरी त्यांची जात निराळी आहे. बिल्डरविषयी म्हणायचे तर, दोनशेहून अधिक नगरसेवकांना वश करणे महाग पडते; एका खात्याचा निर्णय वळविणे स्वस्त पडते. केंद्रीकरणाने भ्रष्टाचार संपत नाही, त्याचा केवळ खर्च कमी होतो.

काय मागावे?

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. कलम ३७ खालील शासनाचा स्वयंस्फूर्त अधिकार आणि कलम १५४ चे निर्देश केवळ गरिबांची घरे, पर्यावरण व आंतरशहरी सेवा यांपुरते मर्यादित व्हावेत. प्रत्येक वेळी कारणे लेखी द्यावीत आणि महापालिका सभागृहाचे मत घेतल्याशिवाय तो अमलात येऊ नये. विशेष नियोजन प्राधिकरणाला मुदत असावी; ती संपताच क्षेत्र महापालिकेकडे परत यावे. महानगर नियोजन समितीला घटनेने दिलेले काम प्रत्यक्षात मिळावे. चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातून येणारा पैसा ज्या वस्तीवर बोजा पडतो तेथील पाणी, शाळा, दवाखाना यांवर प्रथम खर्च व्हावा. आणि प्रकल्पग्रस्तांची घरे कोठे असावीत, हे विकासहक्काच्या बाजाराने न ठरविता आरोग्याच्या तपासणीने व त्या कुटुंबांच्या संमतीने ठरावे. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत योजनेचा सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक निधी स्थानिक संस्थांच्या हाती दिला. तेथे आकाश कोसळले नाही.

कार्यकर्त्यांसाठी यात रोजचे काम आहे. राजपत्रातील सूचना वाचण्याची सवय आपल्याकडे नाही. हरकतींसाठी मिळणारा एक महिना बहुधा कोणाला न कळताच सरतो. प्रत्येक प्रभागात चार कार्यकर्त्यांनी विकास आराखड्याचा नकाशा हाती घेऊन बसावे, आपल्या वस्तीवर कोणते आरक्षण आहे, ते कोणी उठविले, कोणते प्राधिकरण नेमले गेले, हे लोकांना मराठीत समजावून सांगावे, आणि हरकती एकट्यादुकट्याने नव्हे तर शेकड्यांनी नोंदवाव्यात. नव्या सभागृहातील नगरसेवकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, गटाराच्या झाकणाबरोबरच जमिनीच्या वापराचाही जाब विचारावा.

माहुलच्या रिकाम्या घरांचा पुढचा धनी ठरविताना तरी तेथे राहणाऱ्यांना विचारले जाते की नाही, याकडे आता लक्ष ठेवावयाचे आहे. विचारले गेले नाही, तर विचारावयास भाग पाडणे हे पक्षाचे काम आहे.